अर्ध्या मिनिटाचा नाच

कुवेतच्या विमानतळावर मी दुसऱ्याची बॅग उचलली, आणि ती इतक्या आत्मविश्वासानं उचलली, की खुद्द मालकानं पाहिलं असतं तरी त्याला ती माझीच वाटली असती. माझी उभी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली आहे. सही घेतल्याशिवाय मी साहेबालासुद्धा साधा नट दिलेला नाही. पण त्या सरकत्या पट्ट्यावर एक निळी बॅग आली, तिच्या मुठीला हिरव्या साडीच्या काठाची चिंधी बांधलेली होती, आणि आमच्याही निळ्या बॅगेला हिनं आदल्या दिवशी हिरव्या साडीच्या काठाचीच चिंधी बांधली होती. ‘लांबूनसुद्धा ओळखू येईल’ म्हणून. महाराष्ट्रातल्या आणखी एखाद्या घरात आणखी एखाद्या बाईनं नेमका हाच विचार केला असेल, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या थंडीतली. आता ते कुवेत तसं राहिलेलं नसणार, मी तर नाहीच. पण आम्हाला तिथे काय काय दिसलं असं कुणी विचारलं, की मला तिथले प्रसिद्ध मनोरे आठवायच्या आधी ती बॅग आठवते.

मंगफ

मिलिंद हा हिचा धाकटा भाऊ. चौऱ्याण्णव साली कुवेतला गेला तो तिथेच रमला. एका इस्पितळात एक्स-रे काढायचा. त्याची बायको रोहिणी तिथेच नर्स, आणि मुलगी केतकी आठवीत. ‘ताई, एकदा या तरी’ असं तो चौदा वर्षं म्हणत होता. चौदा वर्षं आम्हीही ‘येऊ की’ म्हणत होतो. शेवटी त्यानं तिकिटंच पाठवली, तेव्हा आमचा नाइलाज झाला.

त्यांचा फ्लॅट मंगफला, सहाव्या मजल्यावर. खिडकीतून एका बाजूला समुद्राची पट्टी दिसायची आणि दुसऱ्या बाजूला, खूप लांब, तेलाच्या कारखान्याची एक ज्योत. हिनं पहिल्या संध्याकाळी त्या ज्योतीला नकळत हात जोडले आणि मग इकडेतिकडे पाहून पदर सारखा केला. मिलिंदनं खालच्या बेकरीतून गरम खुब्ज आणली होती, म्हणजे आपल्या भाकरीच्या दुप्पट आकाराची रोटी. ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणतात. रोहिणीनं जुबैदी तळला होता. हे नाव ऐकून मी जरा बिचकलो होतो, पण ताटात पडल्यावर कळलं की हा आपला पापलेट. हिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि जाहीर केलं, की नाशिकला आपण आजवर जे खाल्लं ते पापलेटाचं पार्थिव होतं.

जेवणं झाल्यावर डिंकाचे लाडू काढायला म्हणून हिनं बॅग उघडली, तर आत चाळ. कातड्याच्या पट्ट्यांवर गच्च शिवलेले पितळी घुंगरू, मोजून आठ जणांचे. शिवाय झांजांचा एक जोड, आठ भगवे शेले, कुळथाचं पीठ आणि आमसुलं. ही माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिच्या नकळत फड काढायच्या बेतानं परदेशी आलो होतो.

“काका, धिस इज नॉट युअर बॅग,” केतकी म्हणाली. तोवर हे वाक्य कुणीच उच्चारलं नव्हतं.

आम्ही विमानतळाचा नंबर शोधतोय तोवर मिलिंदचाच फोन वाजला. आमच्या बॅगेवर मी स्टोअरच्या सवयीनं चार ठिकाणी त्याचा नंबर चिकटवला होता, तो या बाबतीत माझा एकमेव शहाणपणा. पलीकडून आवाज आला, की मी शांताराम गोरिवले, सुतारकाम करतो, मंगफलाच राहतो, तुमची पेटी माझ्याकडं आलीय. उघडली ती चुकून. लाडवांच्या वासावरनं लगेच कळलं की आपली नाय. लाडू तसेच हायत, वैनींना सांगा.

बुवांची खोली

दुसऱ्या संध्याकाळी मी आणि ही बॅग घेऊन गेलो. मिलिंदच्या घरापासून चालत दहा मिनिटं, पण ते मंगफ वेगळं. कंपनीनं कामगारांसाठी घेतलेली चार मजली इमारत, गॅलरीत वाळत घातलेले निळे डगले, आणि एका खोलीत दोन-दोन एकावर एक अशा दहा खाटा. खोलीतले सगळे गुहागरच्या बाजूचे, दोन-तीन गावांतले. कुणी सुतार, कुणी सळया बांधणारा, कुणी पाइप जोडणारा. न विचारता स्टीलच्या पेल्यांतून चहा आला.

शांताराम गोरिवल्यांना सगळे बुवा म्हणत, कारण ते जाखडीचे गाणारे. जाखडी म्हणजे कोकणातला गणपतीतला नाच. मधे बुवा मृदंग घेऊन बसतात, गाणं सांगतात, आणि भोवती आठ गडी पायांत चाळ बांधून फेर धरतात. शहरातले लोक त्याला बाल्या नाच म्हणतात. मीही म्हणत होतो. बुवा म्हणजे पंचावन्नच्या आसपासचा माणूस, हाडं मोठी, अंगठ्याचं नख हातोडीनं काळं पडलेलं. गावाला रजेवर गेले होते, तिथून येताना नवे चाळ करून आणले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या इमारतीत आठ नाचणारे जमले होते.

चाळ हातात पडताच पोरांनी एक जुनी चादर फाडली. प्रत्येकानं एकेक पट्टी घेतली आणि आपल्या नव्याकोऱ्या घुंगरांवर ती आवळून गुंडाळली. मला वाटलं, आमच्या पाहुणचारापुरतं काही तरी आहे. मी विचारलं.

बुवा म्हणाले, शेजारच्या खोलीत रात्रपाळीचे बांगलादेशी झोपलेले असतात. दिवसा ह्यांची झोप, रात्री दिवसपाळीवाल्यांची. माणसानं माणसाची झोप मोडू नये. मग खाटा भिंतीला सारल्या, आणि उरलेल्या जागेत आठ माणसं नाचली. पायांचा नुसता धप्‌ धप्‌ आवाज. बुवा ओठांतल्या ओठांत गात होते आणि मृदंगावर बोटं टेकवत होते, वाजवत नव्हते. मी आयुष्यात पुष्कळ नाच पाहिले, लग्नाच्या वरातीत दोनदा केलेही, पण आवाज काढून घेतलेला नाच पहिल्यांदाच पाहत होतो. हिनं पेला खाली ठेवला तो परत उचललाच नाही.

चौदा वर्षं बुवा असेच गात होते. कंपनी देईल तेव्हा रजा, त्यामुळे गणपतीला घर दिसलं दोनदा. कुणाच्या फ्लॅटवर नाचावं तर खालच्या मजल्यावरून तक्रार. वाळवंटात जावं तर गाडी नाही, आणि बघणारं कुणी नसलं तर नाच कसला. आता डिसेंबरअखेर करार संपत होता. कंपनीनं सांगितलं होतं, वय झालं, पुढे नाही.

“एकदा तरी उघड्या चाळांनी फेर धरायचा नि मग जायचं,” बुवा म्हणाले. “घुंगरू बांधायचा नि वाजू द्यायचा नाय, त्यापरीस न बांधलेला बरा.”

दुसऱ्यांच्या वतीनं शब्द देऊन टाकण्याची मला जुनी खोड आहे. मी म्हणालो, “बघू या. काही तरी जमवू.” परत येताना ही एवढंच म्हणाली, की बघू या म्हणालात ते तुमच्या नेहमीच्या बघू यासारखं नसू दे.

सलवा

योग असा, की रविवारी मिलिंदनं आणि रोहिणीनं मला सलव्याला एका डॉक्टरांच्या घरी नेलं. डॉक्टर हाडांचे, आणि तिथल्या मराठी क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष. पुढच्या शुक्रवारी अंतिम सामना होता, केरळच्या संघाशी. समोसे आणि लबान, म्हणजे बाटलीतलं घट्ट ताक, यांवर बैठक चालली होती आणि विषय होता मनोरंजन.

त्या वर्षी आपल्याकडे वीस षटकांची ती नवी व्यावसायिक लीग सुरू झाली होती. कुवेतमधल्या सगळ्या मराठी घरांनी ती टीव्हीवर डोळे ताणून पाहिली होती. चौकार गेला की सीमारेषेवर परदेशी मुली झुपके हलवत नाचतात, फटाके उडतात, संगीत वाजतं. आता आपल्या अंतिम सामन्यालाही तसं काही तरी हवं, असं मंडळाच्या मनात आलं होतं. मुली नाचवणं कुवेतमध्ये शक्य नव्हतं, आणि शक्य असतं तरी कुणाच्या, हा प्रश्न होताच. कुणी भला मोठा फुगा सुचवला. कुणी वाघाचा पोशाख सुचवला, पण त्यात शिरायला कुणी तयार होईना. रोहिणी समोसे देता देता म्हणाली, की दर वेळी बायकांनीच का, पुरुषांनी नाचावं की चौकाराला.

तेवढ्यात मी तोंड उघडलं. आठ जण आहेत, म्हणालो, चाळांसकट.

मग डॉक्टर म्हणाले, “गोरिवले का? ती मंडळी दर शुक्रवारी आपल्या पिचची मॅट अंथरतात.” त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, हे मला मान्य केलं पाहिजे. ज्याला आपण नेहमी खिळे ठोकताना पाहतो तो नाचतोही, याचं ते आश्चर्य होतं. त्यांची खरी अडचण दुसरी होती. मैदान एका कंपनीचं, परवानगी फक्त क्रिकेटची. ढोल वाजले आणि कुणी हरकत घेतली, तर पुढच्या वर्षी मैदान गेलं. शेवटी ठरलं असं, की चौकार किंवा षटकार गेला की अर्धं मिनिट नाच. एका सेकंदानंही जास्त नाही. आणि ते बघायला जबाबदार माणूस हवा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी खणातून एक शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी बुवांना सांगायला गेलो. शुक्रवार, मैदान, बघायला दोन-तीनशे लोक, चाळ उघडे, इथपर्यंत सांगितलं. खोलीतल्या एका पोरानं ताबडतोब आपल्या चाळांवरची चिंधी सोडायला घेतली. बुवा म्हणाले, “आधी गण. गण झाल्याबिगर पाय उचलत नाय. नि फेर धरला की पुरा व्हायला लागतो, अर्ध्यात सोडला तर तो देवाला पोचत नाय.” किती वेळ लागतो, मी विचारलं. ते म्हणाले, फार नाय, बारा-पंधरा मिनिटं.

अर्धं मिनिट हे शब्द माझ्या जिभेवर आले होते, देवाशप्पथ आले होते. मी म्हणालो, “हो हो, बघू या.” आणि संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा म्हणालो, “सांगितलंय त्यांना सगळं.”

मधले तीन दिवस आम्ही पाहुण्यांसारखे फिरलो. दस्मानच्या बाजूला समुद्राकाठी गेलो, ते निळे गोल मनोरे पाहिले. तिथला समुद्र मला फार सभ्य वाटला, लाटाच करत नाही. कुटुंबंच्या कुटुंबं सतरंज्या अंथरून चहा पीत बसली होती, एका अनोळखी आजोबांनी हिच्या हातात खजूर ठेवले, आणि ही म्हणाली, आपल्याकडे बागेत कुणी असं काही दिलं असतं तर आपण घेतलं नसतं. मी हो म्हणालो, पण माझं लक्ष खिशातल्या शिट्टीकडे होतं.

शुक्रवार

मैदान म्हणजे वाळू आणि बारीक खडी. मधोमध सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर अंथरलेली काथ्याची मॅट, मोठमोठ्या खिळ्यांनी ताणलेली. गवताचं एक पातं नाही. क्षेत्ररक्षक उडी मारत नाहीत, कारण खाली पडल्यावर कोपर उरत नाही. सकाळी आठला गेलो तर बुवा आणि त्यांची पोरं नेहमीसारखी खिळे ठोकत होती. मॅट ताणून झाली, हातोड्या पोत्यात गेल्या, आणि त्याच माणसांनी पाठीमागच्या पिकअपच्या आडोशाला धोतरं नेसून भगवे शेले बांधले. चाळ बांधून ती सीमारेषेकडे चालत आली तेव्हा वाळूवरूनसुद्धा असा आवाज आला, की चटया पसरून बसलेल्या, हिच्यासकट सगळ्या बायका वळल्या.

केरळची फलंदाजी पहिली. मिलिंदचं पहिलंच षटक. दुसऱ्या चेंडूवर त्यांच्या सलामीच्या फलंदाजानं असा कव्हर ड्राइव्ह मारला, की चेंडू खडीवरून टणटणत थेट बुवांच्या मृदंगापाशी येऊन थांबला. चौकार.

कुणाच्या चौकाराला नाचायचं, हे मंडळाच्या बैठकीत ठरलंच नव्हतं. चौकार तो चौकार, असं बुवांनी धरलं आणि मृदंगावर थाप मारली.

गण सुरू झाला. मिलिंद कमरेवर हात ठेवून बघत राहिला, त्याच्याच चेंडूवर बसलेल्या चौकाराचा सोहळा. केरळच्या बाजूला टाळ्या सुरू झाल्या. त्यांना वाटलं, यजमान किती दिलदार. आठ जणांनी फेर धरला, आणि पहिला पाय वाळूवर पडला तेव्हा ते चाळ एकदम असे बोलले, की माझ्या शेजारी बसलेला एक इंजिनिअर हातातला वडापाव तसाच धरून उभा राहिला. बुवा पहिल्यांदाच पूर्ण गळ्यानं गात होते. खोलीत ऐकलेला माणूस हा नव्हताच. त्यांचा आवाज मैदान ओलांडून पलीकडच्या कुंपणापर्यंत जात होता आणि त्यांनी डोळे मिटलेले होते.

अर्धं मिनिट झालं. एक झालं. तीन झाली. अंपायर श्रीलंकेचे, वयस्कर गृहस्थ. त्यांनी टोपी काढली, पाणी मागवलं. फलंदाज बॅटवर रेलून उभा राहिला आणि थोड्या वेळानं ती बॅट मॅटवर ठेक्यात आपटू लागला. डॉक्टर लांबून मला खुणा करत होते. मी ओळख नसल्यासारखा दुसरीकडे बघत होतो. आणि मग मैदानाचा हारिस, म्हणजे रखवालदार, आपल्या केबिनमधून बाहेर आला आणि सरळ आमच्या दिशेनं चालू लागला.

डॉक्टर धावतच माझ्यापाशी आले. “शिट्टी,” ते म्हणाले, “वाजवा, नाही तर मैदान जाईल.”

पोरांचे चेहरे घामानं आणि धुळीनं माखलेले होते. फेर निम्म्यावर आला होता. मला सगळं माहीत होतं. चादरीच्या पट्ट्या, रात्रपाळी, डिसेंबर. आणि माझ्यासारख्या माणसानं जेव्हा दोन माणसांना दोन वेगवेगळे शब्द दिलेले असतात, तेव्हा तो जवळ उभ्या असलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळतो. मी शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली.

तिच्यात वाळू गेली असावी. कुकरची शिट्टी नीट बसली नाही की तो जसा नुसता फुसफुसतो, तसा आवाज आला. पुन्हा फुंकली, जीव खाऊन फुंकली. तेच. कुणी वळलं नाही, एकाही पायाचा ठेका चुकला नाही. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

हारिस येऊन पोचला. कमरेवर हात ठेवून त्यानं सगळं नीट पाहिलं. मग खिशातून मोबाइल काढला, दोन्ही हातांनी समोर धरला, आणि नाचाचं चित्रण करू लागला. “जैन, जैन,” म्हणाला. छान, छान. एका हातानं त्यानं डॉक्टरांना बाजूला व्हायला सांगितलं, कारण ते मधे येत होते.

फेर पुरा झाला. तेरा मिनिटं झाली होती. केतकी माझ्याशेजारी उभी राहून इतका वेळ टाळ्या वाजवत होती, ते मला तेव्हा दिसलं. पुढच्या चेंडूवर मिलिंदनं त्या फलंदाजाचा त्रिफळा उडवला, कारण बिचारा उभा राहून पुरता गारठला होता, आणि डॉक्टर आजूबाजूच्यांना सांगू लागले की हा डाव आधीपासूनच ठरवलेला होता. सामना अर्थातच आम्ही हरलो.

जेवणाच्या वेळी मी बुवांना टाळत होतो. तेच शोधत आले. चाळ अजून पायांतच होते, चालताना वाजत होते, आणि त्यांनी ते सोडायची घाई केली नव्हती. माझे दोन्ही हात हातांत घेतले. तळवे खरखरीत, सुताराचे.

“भाऊ, तुम्ही होतात म्हणून फेर पुरा झाला,” ते म्हणाले.

मी खाली बघत म्हणालो, “माझं कसलं त्यात.” ते त्यांना विनयानं म्हटल्यासारखं ऐकू आलं असेल, म्हणून मला बरं वाटलं.

डिसेंबरअखेर बुवा गावी गेले. मिलिंदही पुढे पुण्याला परत आला, केतकी आता स्वतःच्या मुलाशी इंग्रजीत बोलते. मी मात्र कुवेतची गोष्ट जिथे जाईन तिथे सांगत राहिलो, आणि सांगता सांगता ती थोडी सुधारत गेली. पहिल्या एक-दोन वर्षांत शिट्टी वाजलीच नाही असं मी म्हणायचो. नंतर शिट्टी मी खिशातून काढलीच नाही. अलीकडे तर डॉक्टर ‘वाजवा’ म्हणाले तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून ‘नाही’ म्हणालो, इथपर्यंत ती आली होती.

गेल्या महिन्यात आमच्या व्याह्यांसमोर ती अशीच सांगितली. व्याही फार प्रभावित झाले. ही शेजारी बसून वाटाणे सोलत होती, मान वर केली नाही. मंडळी गेल्यावर वाटाण्यांची परात उचलता उचलता म्हणाली,

“बुवांना शिट्टी ऐकू आली होती त्या दिवशी. मी त्यांना लाडू द्यायला गेले तेव्हा म्हणाले, वैनी, भाऊंनी मुद्दाम हळू फुंकली, आमचा फेर मोडू नये म्हणून. मी हो म्हटलं. तुमचे गाल केवढे फुगले होते ते त्यांना त्या बाजूनं दिसलं नसेल.”